लाइन आली की

सर फळ्यावर डीओएल स्टार्टरचं, म्हणजे मोटर चालू-बंद करायच्या डब्याचं, सर्किट काढत होते. हिरवं बटण दाबलं की कॉन्टॅक्टरची, म्हणजे विजेनं ओढल्या जाणाऱ्या मोठ्या खटक्याची, कॉइल खेचते, तिचाच एक कॉन्टॅक्ट हिरव्या बटणाला समांतर बसतो आणि बोट काढून घेतलं तरी मोटर चालू राहते. लाल बटण दाबलं किंवा लाइन गेली की कॉइल सुटते, मोटर बंद. इथवर वर्गात कोणाला नवीन असं काही नव्हतं. मग सर खडू ठेवून वळले आणि म्हणाले, "आता या सर्किटचा सगळ्यात मोठा गुण ऐका. लाइट परत आली तरी मोटर आपोआप सुरू होत नाही. माणूस येऊन बटण दाबेल तेव्हाच होते." मागच्या बाकावरची पोट्टी फसकन हसली. हसू पुढं सरकत सरकत पोरींच्या रांगेपर्यंत आलं. सरांना कळेना आपण काय विनोद केला. सर पुण्याकडचे, कारखान्यांत उमेदीची वर्षं काढलेले. शेवटी एकजण उभा राहिला. "सर, आमच्या इकडं तं तेच काढाले ऑटो लावते लोकं. लाइन रातच्या दोन वाजता येते. बटन दाबाले कोण जाईन?"

सर थांबले. म्हणाले, "पण लाइट येताना एखाद्याचा हात मशीनमध्ये असला तर?" पोट्टं म्हणालं, "वावरात रातच्या दोन वाजता हात कोणाचा असन जी? पाय असते. अन् पायाखाली साप."

वर्ग पुन्हा हसला आणि तास पुढं गेला. मला मात्र पुढचं फारसं ऐकू आलं नाही. दोघंही खरं बोलले होते. आणि त्या दोन खऱ्यांच्या मधोमध माझं दुकान आहे.

दुकान म्हणजे हिंगणघाटच्या अलीकडे रस्त्याला लागून टिनाचं शेड. मोटर रिवाइंडिंग, म्हणजे जळालेल्या मोटरीत तांब्याची तार नव्यानं भरून द्यायची. आत पाय ठेवला की आधी वार्निशचा वास, मग जळक्या तांब्याचा, मग चहाचा. एका कोपऱ्यात वार्निश मारलेला स्टेटर, म्हणजे मोटरचा न फिरणारा भाग, आणि त्याच्या पोटात दोनशे वॅटचा बल्ब, सुकत ठेवलेला. पावसाळ्यात तो बल्ब दोन-दोन दिवस जळतो. हंगाम म्हणाल तर कार्तिक ते माघ. चण्याला, गव्हाला पाणी सुरू झालं की दुकानासमोर मोटरसायकली लागतात, मागच्या माणसाच्या मांडीवर पोत्यात गुंडाळलेली पाच एचपीची मोटर. उतरायच्या आधीच विचारतात, "उद्या भेटन का?" उद्या कोणालाच भेटत नाही. हे त्यांनाही ठाऊक असतं, मलाही.

या वयात मी कॉलेजात का गेलो, असं घरचे अजून विचारतात. कारण साधं आहे. आमच्या भागातल्या जिनिंगवाल्यांची, म्हणजे कपाशीतून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यांची, वायरिंगची कामं माझ्याकडे येतात. पॅनल उघडलं की कॉन्टॅक्टरपर्यंत सगळं माझ्या ओळखीचं. त्याच्या वर एक करडा डबा, त्यावर हिरवे दिवे टिमटिमत असलेले. तिथं माझा हात गेला की मॅनेजर ओरडायचा, "त्याले हात लावू नका, त्याचा इंजिनिअर नागपूरहून येते." तो इंजिनिअर यायचा, लॅपटॉप लावायचा, पाच मिनिटं बोटं चालवायचा आणि माझ्या महिनाभराच्या कमाईएवढं बिल फाडून जायचा. कॉलेजनं संध्याकाळचा ऑटोमेशनचा प्रमाणपत्र कोर्स काढल्याचं कळलं तसा मी जाऊन नाव टाकून आलो. क्लार्कनं विचारलं, "मुलाचं नाव?" म्हटलं, माझंच लिहा.

वर्ग कॉलेजच्या मागच्या शेडात भरतो. निम्मे आयटीआय झालेले, काही बारावीवाले, काही बीएस्सी होऊन घरी बसलेले. प्रत्येकाच्या डोक्यात बुटीबोरी. नागपूरला जाताना हायवेवरून तिथली एमआयडीसी दिसते, आणि आमच्याकडच्या पोरांच्या भविष्याची हद्द बहुधा तिथपर्यंतच असते. पुढचे पुण्याला जातात, त्यांचे फोन येतात. टेबलावर एक ट्रेनर किट आहे : हातभर लांबीचा कन्व्हेयर, दोन प्रॉक्सिमिटी सेन्सर, तीन दिवे, एक पीएलसी. पीएलसी म्हणजे जिनिंगमधला तोच करडा डबा, मशीननं कधी काय करायचं ते ठरवणारा छोटा संगणक. सॉफ्टवेअर इंग्रजीत. माझ्या शेजारी बसणारी मुलगी समुद्रपूरकडून बसनं येते. स्क्रीनवरचं ती वाचते, वायरी मी लावतो. तिला स्क्रू-ड्रायव्हर धरता येत नव्हता, मला माउस. आमचं छान जमलं.

पहिल्या दिवसांत सगळ्यात अवघड गेलं ते चोवीस व्होल्ट. आयुष्य चारशे चाळीसमध्ये गेलेलं. उघडा टर्मिनल दिसला की बोट आपोआप मागं येतं, टेस्टर लावल्याशिवाय कशालाच हात जात नाही, चप्पल पायात आहे ना हे आधी पाहिलं जातं. इथं पोट्टे उघड्या तारेला खुशाल बोट लावून बोलत बसतात. मीही एकदा लावलं. काहीच झालं नाही. विजेला हात लावल्यावर काहीच न होणं ही माझ्यासाठी इतकी विचित्र गोष्ट होती, की मी तसंच बोट ठेवून उभा राहिलो आणि ती मुलगी म्हणाली, "काका, काय झालं?"

पीएलसीची हकीकत सरांनी सांगितली ती मला फार आवडली. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या कारखान्यात मोटारीचं मॉडेल बदललं की हजारो रिले, म्हणजे विजेवर चालणारे खटके, असलेली पॅनलं उखडून नवीन वायरिंग करावं लागायचं. 1968 साली त्यांनी मागणी काढली, की असं यंत्र द्या ज्यात वायर न बदलता काम बदलता येईल. डिक मॉर्ली आणि त्याच्या सोबत्यांनी ते बनवलं. 1969 मध्ये पहिलं यंत्र आलं, नाव मोडिकॉन 084. त्यांच्या कंपनीचा तो चौऱ्याऐंशीवा प्रकल्प, म्हणून 084. इथपर्यंत ठीक. पण त्या संगणकाला काम सांगायची पद्धत त्यांनी जी ठेवली ती थेट इलेक्ट्रिशियनच्या कागदावरची. दोन उभ्या रेषा, मधल्या आडव्या पायऱ्यांवर कॉन्टॅक्ट, शेवटी कॉइल. शिडीसारखं दिसतं म्हणून नाव लॅडर. कारण कारखान्यात रात्री मशीन बंद पडलं तर ते उघडणारा माणूस इलेक्ट्रिशियन होता, आणि त्याला तेवढंच वाचता येत होतं. स्क्रीनवर मी पहिली लॅडर पाहिली तेव्हा इंग्रजीचं एक अक्षर न वाचता मला सगळं कळलं. एवढं मोठं यंत्र बनवणाऱ्यांनी माझ्यासारख्याचा विचार केला होता. आमच्याकडे कर्जमाफीचा ऑनलाइन फॉर्म बनवणाऱ्यांनी तेवढा केलेला नाही.

पुन्हा ऑटोकडे येतो.

ज्यांच्या घरी ओलिताचं वावर नाही त्यांना ऑटो म्हणजे तीन चाकांची गाडी वाटेल. हा छोटा डबा असतो, स्टार्टरला जोडायचा. विजेच्या तिन्ही तारांत, म्हणजे तिन्ही फेजांत, लाइन आली की तो हिरव्या बटणाचं काम स्वतः करतो. शेतीला लाइन आठ तास. त्यातला एक आठवडा दिवसाची, एक रात्रीची, आणि रात्रीची म्हणजे नक्की किती वाजता ते त्या लाइनलाच ठाऊक. आमचे बाबा ऑटो नसलेल्या काळातले. थंडीच्या दिवसांत ते वावरातल्या खोपडीत झोपायचे. खोपडीच्या दाराशी एक बल्ब, त्याचा खटका कायम चालू. बल्ब लागला की उठायचं, विहिरीवर जायचं, बटण दाबायचं, फुटव्हॉल्व्हनं पाणी सोडलं असेल तर बादलीनं पंपात पाणी भरायचं, मग धुऱ्याधुऱ्यानं जाऊन बारं द्यायचं, म्हणजे पिकात पाणी फिरवायचं. मी लहान असताना एकदोनदा सोबत गेलोय. पायात गमबूट नव्हते, टायरच्या चपला होत्या. चिखलात पाय रुतला की तो इतका गार लागायचा की आधी दुखायचा आणि मग कळेनासाच व्हायचा. बॅटरीचा उजेड बाबा पुढं मारायचे, मी माझ्या पायाशी पाहायचो. रानडुकरांचा आवाज आला की बाबा मोठ्यानं खोकायचे. खोकला नसायचा.

आता तर बोर अभयारण्याच्या बाजूची आणि तिकडं गिरडकडची मंडळी वाघाच्या भीतीनं रात्री वावरात जायला धजत नाहीत. त्यांना कोणी म्हणावं, की बाबा रे, मोटर आपोआप सुरू होऊ नये हा फार मोठा गुण आहे!

बाबांच्या विहिरीवर ऑटो मीच बसवला, दुकान टाकल्यावर. त्या रात्री ते घरी झोपले, कितीतरी हिवाळ्यांनी पहिल्यांदा. मी पाणी प्यायला उठलो तर ते अंगणात उभे. म्हणाले, "ऐकून राह्यलो. चालू झाली का नाही ते." आमचं वावर घरापासून तिथंवर आवाज येईल इतकं जवळ नाही. पुढं त्यांना सवय झाली. झोप मात्र मोडायची ती त्याच वेळेला मोडत राहिली.

आता दुसरी बाजू, जी मी रोज खोलून पाहतो. मोटर का जळाली ते वाइंडिंग बघून सांगता येतं. सगळ्या कॉइल सारख्याच काळ्या झाल्या असतील तर लोड जास्त, नाहीतर पंप जाम. मोटरच्या आतली जोडणी दोन तऱ्हेची असते, स्टार आणि डेल्टा. स्टारची मोटर असेल आणि दोन फेजच्या कॉइल कोळसा, तिसरीच्या कोऱ्या करकरीत, तर एक फेज गेला होता आणि उरलेल्या दोनांवर मोटर रेटत राहिली. डेल्टात उलट, एकाच फेजच्या कॉइल जळतात. रात्री माणूस जवळ असता तर मोटरचा घुमणारा आवाज ऐकून त्यानं लाल बटण दाबलं असतं. ऑटो ऐकत नाही. चांगल्यातल्या ऑटोत एक फेज गेल्याचं कळायची सोय असते, पण बाजारात स्वस्तातला जास्त खपतो. ऑटो विकतोही मी, लावूनही देतो, आणि त्यानं जळालेली मोटर भरूनही देतो. तिन्हीचे पैसे घेतो.

आणि डीपी, म्हणजे वावरातल्या मोटरींना वीज देणारा खांबावरचा ट्रान्सफॉर्मर. वीज कंपनीचं पत्रक दरवर्षी निघतं : ऑटो काढा, कपॅसिटर लावा. लोक ते वाचतात आणि चुलीत घालतात. पण पत्रकातला हिशेब खोटा नाही. हा हिशेब मी वर्गात बसून वहीच्या मागच्या पानावर मांडला. पाच एचपीची मोटर चालताना साधारण सात-साडेसात अँपियर घेते. सुरू होताना मात्र सहापट, म्हणजे चाळीसच्या वर. आमच्या बाजूच्या शंभर केव्हीएच्या डीपीवर चौदा मोटरी आहेत. चालताना सगळ्या मिळून शंभर-एकशे पाच अँपियर, आणि डीपीची ताकद एकशे तीस-पस्तीसची. म्हणजे नीट चालायला पाहिजे. पण चौदा ऑटो एकाच क्षणी बटण दाबतात. चौदा गुणिले बेचाळीस, जवळपास सहाशे. डीपीच्या ताकदीच्या चौपट. व्होल्टेज खाली बसतं, मोटरी उचलत नाहीत, उचलत नाहीत म्हणून करंट कमी होत नाही, आणि ऐन चण्याच्या फुलावर डीपी जळतो. मग वर्गणी, मग डीपी न्यायला ट्रॅक्टर, मग दुरुस्तीला नंबर. तोवर घाटे पोचट.

तो कागद मी त्या मुलीला दाखवला. तिनं आकडे तपासले, बरोबर म्हणाली, आणि जरा वेळानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "पण काका, मोटर जळालीच नाही तं तुमचं दुकान कसं चालन?" मी म्हटलं, "बंद पडन." ती म्हणाली, "मंग?" मी म्हटलं, "म्हणून तं शिकून राह्यलो." उत्तर पटकन सुचलं खरं. पण सौर पंपाच्या पाट्या आता वावरावावरात दिसतात. दिवसा पाणी, हळूहळू वेग घेणारी मोटर, फेज जायचा प्रश्न नाही. त्याचा कंट्रोलर बिघडला तर कंपनीचा माणूस येतो. माझ्याकडे या वर्षी पोत्यातल्या मोटरी कमी आल्या. शेतकऱ्याचा पोरगा म्हणून मला बरं वाटतं. दुकानाचं भाडं देताना तेवढं वाटत नाही. दोन्ही एकाच माणसाला एकाच दिवशी वाटू शकतं, याची आता सवय केली आहे.

कॉलेजनं जवळच्या एका जिनिंगमध्ये नेलं होतं. तिथं मी पूर्वी कामाला गेलेला, पण विद्यार्थी म्हणून पहिल्यांदा, बिल्ला लावून. आत शिरलं की डबल रोलर जिनांचा तो आवाज, ज्यात शेजारचा माणूस फक्त ओठ हलवताना दिसतो. हवेत रुईचे धागे, पापण्यांवर बसणारे. पूर्वी कपाशीच्या गंजीवरून बाया डोक्यावर टोपल्या घेऊन जिनापर्यंत यायच्या, एकीमागे एक, दिवसभर. आता एक जाड नळी गंजीवर फिरते आणि कपाशी ओढून नेते. किती ओढायची ते जिनांपुढचे सेन्सर ठरवतात. एका बाजूनं सरकी खाली, दुसरीकडून रुई प्रेसकडे आणि तिकडून एकशे सत्तर किलोची गाठ पट्टे आवळून बाहेर. पोरं पॅनलभोवती जमली. मी पट्ट्याकडे गेलो. तिथं पाच-सहा बाया अजून होत्या. समोरून सरकणाऱ्या कपाशीतून कवडी, काडी, गुटख्याच्या पुडीचा तुकडा, केसाचा गुंता असं वेचून बाजूला टाकत होत्या. बोटं इतकी झपझप चालत होती की काय उचललं ते दिसायचं नाही, फक्त बाजूचा ढीग वाढताना दिसायचा. एकीनं मला ओळखलं. तोंडावरचा दुपट्टा खाली करून कानाशी ओरडली, "भाऊ, हे वेचाची मशीन त नाही ना आली तुमच्या शाळेत?" मी मान हलवली, नाही. रंगावरून दाणा वेगळा करणारी मशीन डाळ मिलमध्ये, राइस मिलमध्ये केव्हाच आली आहे, हे मला ठाऊक होतं. त्या आवाजात एवढं सगळं ओरडून सांगणं शक्य नव्हतं, असं मी स्वतःला नंतर सांगितलं.

परवा प्रॅक्टिकलला आलं ते तीन मोटरी पाठोपाठ सुरू करायचं. पहिली सुरू झाली की टायमर, दहा सेकंदांनी दुसरी, आणखी दहांनी तिसरी. किटवर मोटरींऐवजी तीन दिवे. दिवे एकामागून एक लागले आणि माझ्या डोक्यात चौदा विहिरी लागल्या. प्रत्येक ऑटोत टायमर बसवायचा. पहिल्याचा शून्य, दुसऱ्याचा दहा सेकंद, असं करत चौदाव्याचा एकशे तीस. शेवटच्याला पाणी जेमतेम सव्वादोन मिनिटं उशिरा. आठ तासांच्या लाइनमध्ये सव्वादोन मिनिटं! डीपी वाचला, मोटरी वाचल्या. खर्च म्हणाल तर खताच्या एका पोत्याएवढाही नाही. त्यासाठी पीएलसीसुद्धा नको. त्या रात्री मला झोप आली नाही, आणि ती लाइनमुळे गेलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चहाच्या टपरीवर डीपीवरची सातआठ मंडळी सापडली. कागद काढला, सगळं समजावलं. ऐकलं सगळ्यांनी नीट. सहाशे अँपियरवर माना डोलावल्या. मग एक वयस्कर काका, ज्यांचं वावर डीपीपासून सगळ्यात दूर, म्हणाले, "चांगलं हाय. पयला नंबर कोणाचा?" मी म्हटलं, कोणाचाही ठेवा, दहा सेकंदानं काय होते. ते म्हणाले, "काही होत नाही ना? मंग माहा पयला ठेव." दुसरा म्हणाला, डीपी त्याच्या वावरात, खांब त्याच्या धुऱ्यावर, त्याच्या बापानं जागा दिली होती, तर पहिला त्याचा. तिसऱ्याच्या विहिरीला झरा कमी, त्याला लवकर उपसून थांबावं लागतं, म्हणून त्याचा. चिठ्ठ्या टाका असं मी सुचवलं तर एकानं थेट विचारलं, "अन् टायमरचा खटका मागून कोणी शून्यावर करून ठेवला तं? रातच्या दोन वाजता तू पाहाले येशीन?"

याला लॅडरमध्ये उत्तर आहे. एकच पीएलसी डीपीपाशी ठेवायचा, कुलूपबंद, आणि चौदा स्टार्टरांना आळीपाळीनं हुकूम सोडायचा. दर रात्री पहिला नंबर बदलायचा. हे मी त्यांना सांगितलंही. तर चहावाला, ज्याचं ओलितच नाही, म्हणाला, "अन् किल्ली कोणापाशी?"

तिघाचौघांचे टायमर लावून झालेत. ते माझे नातलगच आहेत, म्हणून ऐकलं. बाकीचे म्हणतात तूर निघू दे, मग पाहू. लांबचे काका मात्र रोज दुकानावरून जाताना विचारतात, कोणाकोणाचे झाले, आणि त्यात कोणाचा शून्य आहे.